हेमावतीचा ठावठिकाणा

सोलापूर,
ता. १२ ऑगस्ट १९३५

प्रिय गोदू,

पाकिटावर 'सौ. पार्वतीबाई' असं लिहिताना हे पत्र तुझ्याच हाती पडेल याची खात्री वाटेना. पण तुझा भाऊ म्हणाला, "कुर्डुवाडीत गोदावरी म्हणून विचाराल तर कुणी ओळखणार नाही. सासरी तिचं नाव पार्वती." म्हणून तसंच लिहिलं. मी पद्मजा. शाळेत तुझ्या डाव्या हाताला बसणारी. लग्नानंतर वर्षाच्या आतच कपाळ पांढरं झालं आणि माघारी आले, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. आता दादाच्या, म्हणजे वेणीमाधवच्या घरी राहते आणि आपल्याच शाळेत इंग्रजी तिसरीला शिकवते.

पत्राचं कारण असं. आपल्या मोठ्या बाई या दिवाळीला शाळा सोडताहेत. त्यांना डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही. त्यांच्या हाताखालून मॅट्रिकला बसलेला पहिला वर्ग आपला, सात मुलींचा. त्या साऱ्याजणींना वीस ऑक्टोबरला, रविवारी, शाळेत एकत्र आणायचं असं कमिटीनं ठरवलं. "पद्मजाबाईंना काय, ना मूल ना बाळ," म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मुलग्यांचं सोपं असतं. बाप्याचं नाव जन्माला येताना जे, तेच मरताना. आपली नावं, आडनावं, गावं, सगळंच बदललेलं. रुक्मिणी इथंच आहे, पण ती आता इंदिराबाई वकीलीण. दोघी दूर नागपूर-इंदूरकडे, त्यांचं उत्तर नाही. रंभा तर पहिल्या बाळंतपणातच गेली, ते मला परवा कळलं. शाळा सुटली की उन्हातनं दारोदार फिरते, आणि घरी आले की वहिनीच्या कपाळावरची आठी बघत जेवते. फार थकायला होतं गं.

खरं विचारायचंय ते हेमाबद्दल. अक्कलकोटच्या सिद्धप्पांची हेमावती, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारी. तुम्हा दोघींचं तर एका ताटात जेवण. तिच्या माहेरी गेले होते. तिची आई सुंदरम्मा दारातच उभी राहिली. "हेमावती आमाला मेली," म्हणाली आणि दार लावून घेतलं. खरंच मेली की रागानं तसं म्हटलं, ते कळेना. तुला काही ठाऊक आहे का?

तुझी,
पद्मा

*

कुर्डुवाडी,
ता. २९ ऑगस्ट १९३५

पद्मे,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं दोनदा विचारलं, "तुमचंच का?" मला कोण पत्र लिहिणार, त्याचंही बरोबरच आहे.

उत्तराला उशीर झाला. माझं सांगण्यासारखं काही नाही. चार पोरं. हे मालगाडीवर गार्ड आहेत. ह्यांच्या जाण्यायेण्याला वेळ नाही, म्हणून चुलीलाही वेळ नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याला दुसरं वर्ष. सगळं जागेवरच करावं लागतं. दिवसभर, "पारे, पाणी दे. पारे, कूस बदल." बाई आहे भारी अंगाची, माझी कंबर धरते. देवाशपथ सांगते, कधीकधी मनात येतं की यांची तरी सुटका व्हावी नाहीतर माझी तरी. आलं की माझी मीच तोंडात मारून घेते.

समारंभाला येणं जमेलसं वाटत नाही. इंग्रजीची अक्षरं पोराच्या पुस्तकात दिसली तरी मला आता लांबच्या पाहुण्यासारखी वाटतात. बाईंना नमस्कार सांग.

हेमाचं मला काही ठाऊक नाही. लग्नानंतर गाठच नाही. तिची आई म्हणते तसंच असेल. तू तिचा शोध सोड. मेलेलं माणूस हुडकून काय करायचंय?

गोदावरी

*

सोलापूर,
ता. ९ सप्टेंबर १९३५

प्रिय गोदू,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला लागली. शाळा सुटताना तुमचं दोघींचं काही बिनसलं होतं का? असलं तरी इतक्या वर्षांनी एवढं कोरडं लिहावं?

परवा रुक्मिणीकडे गेले. नोकरानं मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग ती आली, हातभर बांगड्या. तिनं नवा ग्रामोफोन दाखवला, वकीलसाहेबांना हवापालटाला कुठं नेणार ते सांगितलं, आणि समारंभाला कुठलं पातळ नेसावं ते विचारलं. रंभा गेल्याचं मी बोलले. "अरेरे," म्हणाली आणि चहा सांगितला. परत येताना वाटलं, अशा माणसांची मोट बांधून काय मिळणार? बाईंना तरी आपली तोंडं नीट दिसणार आहेत का?

पण हेमाला मी अशी सोडणार नाही. तुला नाही तर मला तिची आठवण आहे. गेल्या आठवड्यात मी इथल्या साप्ताहिकात निवेदन दिलंय. आपली सगळ्यांची माहेरची नावं दिली, आणि हेमाचं तर बापाच्या नावासकट आणि गावासकट. "ठावठिकाणा माहीत असल्यास कृपा करून शाळेच्या पत्त्यावर कळवावे." पुढच्या अंकातही येईल. कुठून तरी उत्तर येईलच, बघ.

पद्मा

*

कुर्डुवाडी,
ता. १२ सप्टेंबर १९३५

पद्मे,

हे पोस्टात टाकत नाही. ह्यांची सोलापूरची पाळी आहे, ह्यांच्या हाती देते. वाचलंस की चुलीत घाल.

काय करून बसलीस! हेमा माझ्याकडे आहे. तीन वर्षं झाली. मी तुला खोटं लिहिलं, कारण खोटं बोलायची आता मला सवयच झालीय.

तिला दुधनीकडे दिलेली. मुलगी झाली, पुढं काही झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. तेही तिनं सोसलं. मारहाण सोसली. पण पोरगी नऊ वर्षांची झाली तशी तिला शाळेतून काढली, आणि त्या दुसरीच्या भावाला द्यायचं घाटत होतं. तो पस्तिशीचा बिजवर. कायद्यानं चौदा पुरी व्हावी लागतात म्हणून नुसतं बोलून ठेवायचं, आणि पोरीला आत्तापासूनच त्या घरी राहायला पाठवायचं. त्या दिवशी हेमा पोरीला घेऊन निघाली. माहेरी गेली तर आईनं दारातूनच वाटेला लावली.

मी ह्यांचा डबा द्यायला स्टेशनात गेले होते. फलाटावर कडुलिंबाखाली एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली. मी पुढं गेले, आणि मागून हाक आली, "गोदू!" या गावात मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मी तिथंच उभी राहून रडले.

रेल्वेच्या दवाखान्यात ती आया आहे. लक्ष्मी म्हणतात. राहते आमच्या शेजारच्या खोलीत. पोरगी, गिरिजा, माझ्या नणंदेची म्हणून इथल्या शाळेत जाते. सासूबाईंना मात्र ती लक्ष्मी आयाची पोर, एवढंच सांगितलंय, खरं त्यांनाही नाही.

दुसऱ्या अंकातलं ते थांबव. कुणी विचारायला आलं तर तुला काही माहीत नाही. एवढं कर.

गोदू

*

सोलापूर,
ता. १३ सप्टेंबर १९३५

गोदू,

तुझे यजमान शाळेच्या व्हरांड्यात उभे आहेत. शिपायानं त्यांना चहा दिलाय. मी वर्ग तसाच सोडून हे खरडते आहे, अक्षर लागलं नाही तर जुळवून घे.

तो आज सकाळीच येऊन गेला. तुझं पत्र यायच्या आधी.

चांगला धोतर-कोट, डोक्याला जरीचा रुमाल. हात जोडून उभा. "नमस्कार बाई. मी अण्णाराव. हेमावती माजी भावजय. पेपरात वाचलं. तीन वर्सं झाली, घर सोडून गेल्यात. माजा भाऊ झुरून अर्धा झाला."

मी म्हटलं, "मलाही ठाऊक नाही. मीच शोधते आहे."

"तेंची कुणी जवळची मैत्रीण?"

आणि मी तुझं नाव सांगितलं गं. कुर्डुवाडी, रेल्वेची चाळ, गार्डाचं घर. वर हेही म्हटलं की दोघींचं एका ताटात जेवण होतं. तो म्हणाला, "तुमचे लई उपकार झाले." हेमाला हुडकणारं कुणीतरी आहे म्हणून मला भरूनसुद्धा आलं होतं.

तो कधी निघेल ते ठाऊक नाही. तू तिला आणि पोरीला आजच हलव. इकडे माझ्याकडे पाठव. दादाशी मी बोलते. दुसऱ्या अंकातलं निवेदन काढायला आत्ता जाते. जे सुटून गेलं ते काही मला परत बोलावता येत नाही.

पद्मा

*

कुर्डुवाडी,
ता. १७ सप्टेंबर १९३५

पद्मे,

तो रविवारी आला.

त्याआधी मी हेमाला म्हटलं होतं, ऊठ, बोचकं बांध. ती दवाखान्यातून नुकतीच येऊन भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "कुटं जाऊ गं? दुधनीहून हितं आले. हितनं सोलापूर. तितनं आणि कुटं? माज्या पायात आता पळायचं बळ न्हाई. दमले मी. येऊ दे तेला." मी भांडले, रडले. ती तशीच बसून राहिली. हे म्हणाले, "राहू दे तिला. पोरगी मात्र घरातून बाहेर काढू नका."

रविवारी दुपारी हेमा कामावर, हे गाडीवर. अण्णाराव सरळ ओसरीत आला. गिरिजा आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, पाय चेपत बसली होती. तीन वर्षांत ती हाडापेराने थोराड झालीय, पण कपाळ हेमाचंच. तो टक लावून बघायला लागला.

"ही पोरगी कुणाची?"

मी पोरीच्या आड उभी राहिले. आणि अंथरुणातून आत्याबाईंचा आवाज आला.

"माजी नात हाय. माज्या लेकीची. तुला काय करायचंय?"

"नाव काय हिचं?"

"बायकापोरींची नावं इचारीत हिंडतोस व्हय रं? माजा ल्योक गाडीवर गेल्याला बगून घरात शिरलास? पारे, हुबी काय ऱ्हायलीस! बोलीव समद्या चाळीला. म्हनावं, हितं एक बाप्या आलाय आन् पोरीचं नाव इचारतोय!"

खालच्या नळावरच्या दोघीतिघी तेवढ्यात वर बघायला लागल्याच. तो मागं फिरला. पण उंबऱ्यात थांबून पुन्हा एकदा पोरीकडे बघितलं. म्हणाला, "भावाला घेऊन येतो. बाप ओळखंल की." आणि गेला.

मी आत्याबाईंच्या पायाशी बसले. म्हटलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"मला उटता येत न्हाय. ऐकाया येतंय की. तुमी दोगी सैपाकघरात मुसूमुसू रडताय. म्यातारी बहिरी झाली वाटलं व्हय?" मग पुढं म्हणाल्या, "माजं बी असंच एकदा पळून जायाचं मनात हुतं. पर जायाचं कुटं, ते सुचलं न्हाय." एवढं बोलून डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. तर म्हणाल्या, "पारे, कूस बदल."

बदलली. कंबर धरायची तशी धरलीच.

आता काय करायचं ते सांग. तो भावाला घेऊन येणार.

गोदू

*

सोलापूर,
ता. २० सप्टेंबर १९३५

गोदू,

दादा नाही म्हणाला. "परक्या घरचं भांडण माझ्या दारात नको. उद्या बेलीफ आला तर?" वहिनी म्हणाली, "आधीच एक आहे घरात." इतकी वर्षं या घरात राहते आहे, कधी काही मागितलं नव्हतं. मागून बघितलं, एवढंच.

मग मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"मुलगी हुशार आहे?"

"हेमाची आहे, बाई."

"मग पुण्याच्या वसतिगृहात ठेवू. तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या. मी स्वतः नेऊन पोचवते."

मी म्हटलं, "पण बाई, तुम्हाला दिसत नाही. गाडीत कशा जाल?"

"तिला दिसतं ना? ती मला नेईल."

सोमवारी सकाळच्या गाडीनं बाई निघतील. मी त्यांना इथं बायकांच्या डब्यात बसवून देईन. गाडी कुर्डुवाडीला थांबली की गिरिजाला त्यांच्या शेजारी बसव. फलाटावर रडारड करू नका.

हेमाला म्हणावं, समारंभाला मुळीच येऊ नकोस. निवेदनात तारीख छापली होती. तो दारात येऊन बसेल.

पद्मा

*

कुर्डुवाडी,
ता. ५ ऑक्टोबर १९३५

पद्मे,

गिरिजा गेली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, तो हेमानं धरला आणि कपाळाला लावला. पोरगी रडली नाही. बाईंना म्हणाली, "पाय उचला, हितं पायरी हाय." गाडी सुटल्यावर हेमा फलाटावर उभी राहिली ती मालगाडी येऊन गेली तरी हलली नाही. मग सरळ दवाखान्यात कामाला गेली.

दोघे भाऊ चार दिवसांनी आले. बापाला पोरगी दिसली नाही, हेमा दिसली. तो दुसरीकडेच बघत होता, बोलला सगळं अण्णाराव. हे घरी होते म्हणून हातघाईवर आलं नाही. हेमा एवढंच म्हणाली, "सांगणार न्हाई." आता चाळीत सगळ्यांना कळलंय. काही बायका तिच्याशी बोलत नाहीत, काही मुद्दाम येऊन बसतात. दोन्हींचा तिला सारखाच कंटाळा आलाय.

आत्याबाईंचं बरं नाही. अन्न जात नाही. त्यांना सोडून मला येता येणार नाही. पूर्वी सोडून जायला निमित्त शोधत होते, आता जाववत नाही.

हेमा मात्र येणार म्हणते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "पोरगी गेली न्हवं सुखरूप? आता माज्याकडनं न्यायला तेंना काय उरलंय?" तिला संभाळ.

गोदू

*

सोलापूर,
ता. २५ ऑक्टोबर १९३५

प्रिय गोदू,

लिहायला पाच दिवस लागले. बाईंचा निरोप, मग परीक्षेचे पेपर, मग घरी दिवाळीचं. आत्ता कुठं टेकले आहे.

तू म्हणालीस तसं संभाळायला मी स्टेशनवर जाणार होते, तर हेमा आधीच्या गाडीनं येऊन एकटीच चालत शाळेपर्यंत आली. मी तिला फाटकाशी पाहिली. वाळलीय किती गं! जुनं इरकली लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस. आणि फाटकाच्या आत, चिंचेखाली, अण्णाराव बसलेला. मंडळी जमली होती, कमिटीचे लोक होते. तो उठून आडवा झाला.

"गिरिजा कुटं हाय?"

"शाळेत हाय," हेमा म्हणाली.

"कुटल्या शाळेत?"

"सांगणार न्हाई."

"बापाची पोरगी हाय ती. कोर्टात खेचीन तुला."

"खेचा की. नऊ वर्सांची पोर पस्तिशीच्या बिजवराच्या घरी धाडत हुता तुमी. मी आता हितंच हाय. पळणार न्हाई."

आवाज चढवला नाही तिनं. त्याला मात्र सगळे बघताहेत हे कळलं आणि तो आणखी पेटला. मी मध्ये पडणार, तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. रुक्मिणी! शालू नेसून, टांग्यातून उतरून तशीच आलेली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनं उभ्या उभ्या ऐकलं तेवढंच. हेमाच्या दंडाला धरून तिला आपल्या मागं घेतली आणि म्हणाली, "कोर्टात जाणार ना? जरूर जा. नऊ वर्षांची पोर पस्तिशीच्या माणसाच्या घरी का पाठवत होता, तेही तिथं सांगा. आमचे वकीलसाहेब ऐकायला येतील. घर माहीत नसेल तर पत्ता देते."

तो बोलायला गेला. रुक्मिणी जागची हलली नाही. कमिटीतले एक म्हातारे गृहस्थही मग काठी टेकत पुढं आले. अण्णारावानं रुमाल सारखा केला आणि फाटकाबाहेर पडला. तिथं थोडा वेळ उभा होता. पुढं बघितलं तर नव्हता.

वकीलसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना पत्र धाडलंय. अजून उत्तर नाही. येईलही. रुक्मिणी म्हणते, येऊ दे. पहिल्या भेटीत मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. रंभाचं मी सांगितलं त्या रात्री ती जेवली नव्हती, हे तिनं मला आता सांगितलं. मी समोर असताना काय बोलावं ते तिला सुचलं नव्हतं. मलाही कुठं सुचतं?

सातांतल्या आम्ही तिघीच जमलो. पहिल्या ओळीत आम्हाला बसवलं, हेमा मध्ये. फार बोललो नाही. तिनं मला विचारलं, "तू बरी हाईस न्हवं?" मी म्हटलं, "आहे." एवढंच. मला वाटलं होतं, तिची क्षमा मागेन, खूप बोलेन. ती माझ्याकडे बघून हसली आणि माझं सगळं राहूनच गेलं.

भाषणं सुरू झाली. कमिटीचे अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग आणखी कुणी. माझ्या खांद्यावर काहीतरी जड आलं. बघते तर हेमा झोपलेली. तोंड जरासं उघडं, हात मांडीत सैल पडलेले. अशी गाढ की हार आणणाऱ्या माणसाचा पाय तिच्या पायावर पडला तरी जागी झाली नाही. अध्यक्षांनी मला खूण केली, उठवा म्हणून. रुक्मिणीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते आढ्याकडे बघायला लागले.

शेवटी बाई उभ्या राहिल्या. त्यांना दिसत नाही, पण समोर कुणी झोपलेलं त्यांना कसं कळतं ते देव जाणे. खाली वाकून मला विचारलं, "कोण गं?"

"हेमावती, बाई."

"झोपू दे," म्हणाल्या. आणि सगळं भाषण त्यांनी इतक्या हळू आवाजात केलं, की मागच्या ओळींना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. कुणी तक्रार केली नाही.

तुझी,
पद्मा